ध चा घ

सभागृहाचा पडदा बंद होता आणि पडद्यामागे पेंटर कपाळाला हात लावून उभा होता. मागच्या भिंतीवर पंधरा फूट उंचीवर कापडी फलक टांगलेला होता. त्यावर हातभर उंचीची अक्षरं होती: ‘घरलंय का? एका गाण्याचा इतिहास आणि अर्थ’.

“ध चा घ केलाय!” पेंटर ओरडला. “जन्मभर पाट्या रंगवल्या मी, आणि माझ्याच गाण्याच्या नावाची ही दशा?”

“कोण बघतंय, भावजी,” मेहुणा म्हणाला. “एवढीशी तर गाठ.”

“त्या गाठीतच तर ध असतो. घरलंय म्हणजे काय? घरात घुसलंय?”

गाणं एकतीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा पेंटर दिवसा पाट्या रंगवायचा आणि संध्याकाळी तीन मित्रांबरोबर इलेक्ट्रिक गिटार बडवायचा. गाण्यातला माणूस शिडी चढतो, दर चार पायऱ्यांना “धरलंय का?” म्हणून विचारतो आणि खालून उत्तर येतं, “धरलंय, धरलंय!” शेवटी रंगाचा डबा सांडतो. एवढंच. खालून बोलतोय तो देव, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. देव खाली कसा, हे कुणी विचारलं नाही. मग प्रार्थनामंडळांनी ते संथ चालीत गायलं, बँडवाल्यांनी लग्नात वाजवलं, कुणी अंगाई केली. एका लिफ्टच्या कंपनीनं तर ते लिफ्टमध्येच लावलं. ‘धरलंय’ आलं की ऐकणाऱ्यांनी दोन्ही हात वर करायचे, अशी रीतच पडली.

खालचा तो देव म्हणजे हा मेहुणा. आणि त्यानं शिडी धरलेलीच नव्हती. तो समोरच्या सलूनमध्ये रेडिओवर सामन्याचा स्कोर ऐकत होता आणि तिथूनच “धरलंय, धरलंय” म्हणत होता. पेंटर पडला. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये. त्या रागात त्यानं गाणं लिहिलं. शेवटच्या कडव्यात मेहुण्याच्या सगळ्या खानदानाची विचारपूस होती, ते रेकॉर्डवाल्यांनी कापलं.

आपल्या बहिणीला, म्हणजे पेंटरच्या बायकोला, मात्र मेहुण्यानं सांगितलं, भावजींचा तोल गेला. तेव्हापासून ती चारचौघांत म्हणायची, “यांना शिडीवर धड उभं राहता येत नाही, आणि गाणी शिडीवरची!” पाटी रंगवणाऱ्याला यापेक्षा आईवरून शिवी दिलेली परवडते. त्यानं खरं सांगून पाहिलं होतं. ती म्हणाली, “धरलंय असं तुम्हीच लिहिलंय ना गाण्यात?”

आज ती पहिल्या रांगेत बसली होती आणि ते कापलेलं कडवं पेंटरच्या खिशात होतं.

“भावजी, ते कडवं नका ना वाचू. ताई दारात उभं करायची नाही मला.”

“एकतीस वर्षं लंगडतोय मी. आज माइकवरून वाचणार. आता शिडी धर.”

“मी?”

“इथे दुसरं कोण आहे?”

पेंटर ब्रश आणि दोन डबे घेऊन चढला. पडद्याच्या पलीकडे संगीताच्या प्राध्यापिकाबाई बोलत होत्या. त्यांनी या गाण्याचे एकशे बारा अवतार गोळा केले होते. “शिडी म्हणजे आत्म्याचा प्रवास! आणि सांडलेला रंग म्हणजे गळून पडलेला अहंकार!”

“ऑइलपेंट होता,” पेंटर वर पुटपुटला. “टक्कल करावं लागलं होतं.”

पांढऱ्या रंगानं त्यानं घ च्या डोक्यावरची रेघ डावीकडे पुसली, काळा ब्रश उचलला आणि गाठ मारायला घेतली. शिडी हलली. सवयीनं त्याच्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, “धरलंय का?”

पेंटरनं हेच विचारलं की पडदा उघडायचा, असं पडदा ओढणाऱ्याला सांगून ठेवलं होतं. त्यानं पडदा उघडला. ड्रमवाल्यानं ठोका दिला. चारशे माणसं ताडकन उभी राहिली, हात वर गेले आणि छप्पर दणाणलं, “धरलंय, धरलंय!”

सगळ्यांत वरच्या पट्टीत मेहुणा गात होता. प्रेक्षकांकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून.

शिडी सरकली. पेंटरनं फलकाला मिठी मारली, फलकाची एक दोरी तुटली आणि पेंटर, फलक, दोन डबे असा सगळा संसार झोका घेत मेहुण्यावर उतरला.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“पाहिलंत?” प्राध्यापिकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “हे स्वतःला झोकून देणं, हीच श्रद्धा!”

पेंटरची बायको मंचावर आली. तिनं फलकाचं टोक उचलून खालच्या भावाकडे पाहिलं. “तू शिडी धरली होतीस ना रे?”

“ताई, तिथे हात वर करायचे असतात...”

“बरं. आणि तेव्हा? तेव्हा तर गाणंच नव्हतं.”

मेहुणा बारीक आवाजात म्हणाला, “तेव्हा स्कोर ऐकत होतो.”

पेंटरनं खिशातून कागद काढला. रंगानं चिंब, एक अक्षर लागेना.

“काय आहे ते?” बायकोनं विचारलं.

कडवं त्याला तोंडपाठ होतं. त्यानं मेहुण्याच्या वाकड्या पायाकडे पाहिलं आणि बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. “काही नाही,” तो म्हणाला. “तूच म्हण आता.”

तिनं म्हटलं. यमक जुळत नव्हतं, पण खानदान तिचंच असल्यामुळे तपशील जास्त होता.

मेहुण्याला सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. चौथ्या आठवड्यात त्यानं ताईकडे वही-पेन मागितलं. ‘पडतोय का?’ या त्याच्या गाण्यावर प्राध्यापिकाबाईंनी लगेच व्याख्यान ठरवलं, विषय: ‘अखेर देवाची बाजू’.

फलक रंगवायचं काम पेंटरकडेच आलं. तो शिडीवर चढला आणि सवयीनं विचारलं, “धरलंय का?”

“ओरडताय कशाला?” खालून बायको म्हणाली. “खाली बघा की.”

त्यानं बघितलं. धरलं होतं.