श्रीमंतांचे दुयंत्री विमान आणि गुळाची तुला

श्री पवनसुताचे पायी मस्तक ठेविले, ज्यापाशी यंत्र नाही, तेल नाही, तरी समुद्र उल्लंघिला. तयाची कृपा सर्व उडणारांवर असो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, वैशाखमास, ते समयी आमचे राज्यात जे वर्तमान जाहले ते यथामती लिहितो. तिखटमीठ लावणार नाही, कारण पुढे कळेल की तिखटमिठाचेही वजन असते.

राज्य लहान, परंतु हौस थोर. राज्याचे धनी श्रीमंत उदाजीराव महाराज अंगाने भारदस्त आणि मनाने त्याहून मोठे होते, आणि त्यांचे पदरी एक विमान होते, दोन यंत्रांचे, जुने, परंतु बहुत इमानी. पुढे दोन बैठका, मागे सहा, आणि ते भाड्याने देऊन राज्याने चार पैसे जोडावे ऐसा बेत होता. विमान हाकावयास सगुणाबाई जाचक, ज्यांस राज्यात हवाई सरनोबत म्हणत. त्या डावे हाती बसत, आणि उजवे हाताची बैठक श्रीमंतांची, फेरी कोणाचीही असो. उतारू भाडे भरून मागे बसत आणि श्रीमंत फुकट पुढे बसून ढगांस मुजरा करीत. मग पैसे कैसे जुळावे? विमानाचे पोट मोठे. साधे पेट्रोल त्यास चालेना, खास विमानांचे निळे पाहिजे, ते परमुलखातून पिंपांत यावे. आणि लेकीच्या बाळंतपणाची तरतूद जैसी आधीपासून करावी, तैसी यंत्रे खोलून नवी करण्याची रक्कम दर उड्डाणास बाजूस काढावी. दर महिन्यास तोटा. मग श्रीमंतांनी दरबार भरविला आणि आज्ञा केली की, ज्याने त्याने सुधारणा सुचवावी.

मग काय पुसता! एका मानकऱ्याने पंखांची टोके वर वळविली आणि म्हणाला, पेट्रोल दहावा हिस्सा वाचले. दुसऱ्याने नवे पाते बसविले आणि म्हणाला, पाचवा हिस्सा वाचला. तिसऱ्याने जास्तीच्या टाक्या जोडल्या, चौथ्याने यंत्रांस नवी नाकपुडी दिली, पाचव्याने अंग घासून गुळगुळीत केले, आणि प्रत्येकाची बचत आधीच्याहून मोठी. मुजुमदार त्रिंबकपंतांनी साऱ्या बचती एकाखाली एक मांडून बेरीज केली आणि आनंदाने उभे राहून बोलिले, "महाराज, जितके पेट्रोल जळते त्याहून बचत अधिक भरते! आता विमान उडेल तितके पेट्रोल उलट टाकीत साठावे!" दरबाराने वाहवा केली, पेढे वाटिले. सगुणाबाई एवढेच म्हणाल्या, "मग पंत, जाताना रिकामी पिंपं बरोबर घेऊ का? परत येताना भरून आणू." लोक समजले, बाई कौतुक करितात.

तेव्हा ज्यांस यंत्रातले ओ की ठो कळत नव्हते तेही मागे का राहतील? कोणी थंड हवेची पेटी बसविली, कोणी विड्याचे सामानास सागवानी कपाट, कोणी गालिचे, कोणी पितळी घंटा, आणि शेवटी पंतांनी स्वतः संगमरवरी देव्हारा करवून आत मारुतराय बसविले. विमान ऐसे नटले की नवरीने लाजावे, आणि धावपट्टीवर ऐसे चालू लागले की गाभण म्हशीने पुढे जावे. तोटा दुप्पट जाहला. तेव्हा श्रीमंतांच्या मातोश्री आऊसाहेब, ज्यांचे शब्दापुढे राज्यात कोणाचे चालत नसे, त्यांनी पुत्रास बोलावून सांगितले, "उदाजी, पुरे झालं. या लग्नसराईत एक तरी फेरी फायद्यात आण. नाहीतर महामार्गावरचा ढाबेवाला मागतोय, त्याला देऊन टाकू. पंखाखाली खाटा टाकील, मिसळ विकील." श्रीमंतांचे डोळ्यांस पाणी आले. ज्याने ढग दाखविले त्याचे पंखाखाली मिसळ! त्यांस घास गोड लागेना.

मग दैव उघडले. द्राक्षबागांचे धनी निंबाजीराव काकडे, त्यांचे पुत्राचे लग्न डोंगरमाथ्यावरील गावी ठरले, आणि घाटरस्त्याने सुनेच्या दारी जाणे त्यांस कमीपणाचे वाटून त्यांनी विमान सांगितले. वऱ्हाडातील मानाची माणसे सहा, भाडे घसघशीत. राज्यात आनंद जाहला. परंतु सगुणाबाई हात जोडून म्हणाल्या, "महाराज, वैशाख आहे. तापलेली हवा पातळ होते, पंखाला धरायला काही उरत नाही. वरची धावपट्टी आखूड, पुढे दरी. मला प्रत्येकाचं खरं वजन कळल्याशिवाय मी चाक हलवणार नाही." आता आली पंचाईत. आमचे राज्यात पाहुण्यास वजन विचारणे म्हणजे जेवताना त्याच्या पोळ्या मोजणे, आणि विचारिलेच तर पुरुष मानासाठी वाढवून सांगणार, बायका लाजेने उतरवून. पंत बोलिले, "विचारलं तर लग्नही मोडेल आणि भाडंही." मग सगुणाबाईंनी युक्ती काढिली की, पाहुण्यांस विचारू नये, पाहुण्यांची तुला करावी.

प्रस्थानाचे सकाळी मैदानात बाजारातील मोठा तराजू टांगिला, झेंडूची तोरणे बांधिली, हलगी वाजू लागली, आणि दवंडी जाहली की वऱ्हाडी मंडळींची गुळाने तुला होईल व गूळ गावोगाव वाटला जाईल. मग कोण मागे सरतो? निंबाजीराव कोट चढवून, बूट घालून पारड्यात बसले, कमी भरू नये म्हणोन. नवरदेवाच्या आत्याबाई ताराक्का तर लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या आणि ओरडल्या, "घाला की अजून ढेपी! माझ्या म्हायेरी कळू द्या!" सगुणाबाई बाजूस उभ्या राहून ढेपांची मनात बेरीज करीत होत्या, आणि बेरीज विमानाचे ताकदीबाहेर गेली. तेव्हा त्या बोलिल्या, "पाहुणा एकही उतरणार नाही. सुधारणा उतरतील." मग कपाट उतरले, गालिचे उतरले, थंड हवेची पेटी उतरली, आणि जो तो मानकरी आपापले सामान कवटाळून बसला. देव्हाऱ्यास हात लागताच पंत आडवे आले, "साक्षात मारुतरायांना खाली ठेवता?" सगुणाबाई म्हणाल्या, "पंत, त्यांना आपलं आपण उडता येतं." सारे मैदान हसले. पंतही हसले आणि बाजूस सरले.

तरी काही ढेपा जड पडत होत्या. सगुणाबाईंस कारण ठाऊक होते, परंतु खाल्ल्या मिठास जागून त्यांनी मान खाली घातली. इतक्यात ताराक्का बोलिल्या, "अवो, समद्यांची तुला झाली, मग राजांची का न्हाई? पावण्यांचा मान आधी खरा, पर धन्याचा नको व्हय?" श्रीमंत संतोष पावले आणि पारड्यात बसले. एक ढेप ठेविली, आणि दुसरी, आणि मग एक रास, आणि पारडे जागचे हलेना. गूळ सरला. बाजारातून आणविला, तोही लागला, तेव्हा कोठे महाराज हळूच वर उचलले गेले. हलगी थांबली. कपाट, घंटा आणि देव्हारा एकत्र केले तरी त्याहून ही रास मोठी होती, आणि ते लहान पोरासही दिसत होते.

श्रीमंत पारड्यातूनच बोलिले, "सगुणाबाई, आम्ही उतरलो तर?"

"तर पाखरासारखं उडेल, महाराज."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"सगळ्या सुधारणा आपण मंजूर केल्या, महाराज. ही एक आपल्यालाच सुचायला हवी होती."

श्रीमंतांस बहुत वाईट वाटले. विमान घेतल्यापासून एक उड्डाण त्यांनी चुकविले नव्हते. ते उठून विमानापाशी गेले, उजव्या बैठकीवरून हात फिरविला, आणि मग वळून म्हणाले, "ताराक्का, येथे आपण बसावे." ताराक्का पदर खोचून चढल्या आणि आतून ओरडल्या, "अगं बाई, हितनं तर समदं दिसतंय!" मग यंत्रे गरजली, आणि विमान धावले, आणि धावपट्टी अर्धी उरली असता भुई सोडून ऐसे उचलले की पाहणारांच्या माना एकदम वर वळल्या. वळण घेताना पंखावर ऊन चमकले. आणि श्रीमंत आ वासून पाहत राहिले, कारण इतकी वर्षे जो आतच बसला त्याने आपले विमान उडताना कधी पाहिलेच नव्हते. मग त्यांनी पागोटे हवेत फेकिले आणि धावपट्टीवर धावत सुटले, एक जोडा मागे राहिला, आणि लेकरासारखे ओरडू लागले, "केवढं देखणं आहे! अरे, केवढं देखणं आहे हे!"

मागे आऊसाहेब येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "आता कळलं? आम्ही दर वेळी गच्चीवर येऊन बघतो." आणि पंतांस म्हणाल्या, "ढाबेवाल्याला कळवा, खाटा दुसरीकडे टाक म्हणावं."

तात्पर्य ऐसे जे, वऱ्हाड सुखरूप पोहोचले, लग्न थाटात लागले, गूळ गावोगाव वाटला. ताराक्कांनी चहूकडे वर्णन केल्यावर पुढील बैठकीस दुप्पट भाडे मिळू लागले, आणि पंतांस उमजले की राज्याचा सारा तोटा त्याच एका बैठकीत बसत होता. मारुतराय देव्हाऱ्यासह धावपट्टीचे तोंडाशी स्थापिले. सुधारणा बहुत जाहल्या. लागू पडली ती एक, आणि ती दर फेरीस मारुतरायांशेजारी जमिनीवर उभी राहून पागोटे उडविते.