‘ल’ला सोडलेली माया

चाळीस वर्षं मी कपडे बेततेय. माझ्या हातचा एक तरी कपडा कुणाला तंग झाला असेल, तर पुढे येऊन सांगा! म्हणूनच नात फ्रेंच क्रियापदं तोडता येत नाहीत म्हणून रडायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "कापायचंच आहे ना? आण इकडे!"

"आई, तुमची शाळा चौथीपर्यंत," सूनबाई पुटपुटली.

"कात्री कुठे शाळेत गेली होती!"

दुसऱ्या दिवशी नातीची परीक्षा. नापास झाली, की फ्रेंचच्या वर्गातून बाहेर. तिनं कागदावर शब्द लिहिला: पार्लों. म्हणजे ‘आपण बोलतो’.

"आजी, उच्चाराप्रमाणे तोडला तर पार आणि लों. मूळ आणि शेपूट वेगळं केलं, तर पार्ल आणि ओं."

"मग हा ल नक्की कुणाचा गं?"

"कधी याचा, कधी त्याचा."

मला चैन पडेना. एवढंसं अक्षर आणि दोन-दोन घरं! मग उजेड पडला. कापताना शिवणीसाठी दोन्हीकडे जास्तीचं कापड सोडतात ना, ती माया. या शहाण्यांनी मायाच सोडली नव्हती!

"दोन्हीकडे ल ठेव," मी फर्मावलं. "पार्ल आणि लों. उसवायची भीती नाही!"

पेपर असा लालेलाल होऊन आला, जणू बाईंच्या हातून दौतच लवंडली! मला शाळेत बोलावणं.

"प्रत्येक शब्दात एक अक्षर जास्तीचं कसं?" बाईंनी नातीला विचारलं.

"ती माया आहे."

"कुणाची?"

"आजीची."

बाईंनी कपाळ चोळलं. "आजी, इथे अगदी रेघेवर कापायचं. अक्षर एकाच बाजूला जाणार."

"मग तसं सांगा ना! ल म्हणजे लेक. बोलताना सासरी, मूळ शोधताना माहेरी!"

बाईंनी हळूच ते वहीत लिहून घेतलं! परीक्षा पुन्हा घेतली आणि नात पास झाली.

मी अशी फुगले म्हणता! त्याच तोऱ्यात सूनबाईचा नवा ड्रेस बेतायला घेतला. तोंडानं सारखं चाललेलं, ‘रेघेवर कापायचं, अगदी रेघेवर...’

सूनबाईनं तो कसाबसा चढवला, श्वास घेतला आणि दोन्ही कुशींत एकदम टर्रर्र!

"आई! माया कुठेय?"

आता काय सांगू? आमचं पार्लों सध्या बंद आहे.