शिरीषपंतांच्या न्यायाधीशीची हकिकत

श्रीगजाननास नमन. दक्षिण समुद्रात, लांब पांढऱ्या ढगाखाली, न्यूझीलंड म्हणोन जे द्वीप, तेथे शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजित संवत्सरी, ऑकलंड प्रांती जो थोर राजकीय कलह माजला, त्याची हकिकत कोणी पुसली नाही. तथापि पुढे पोराबाळांनी इंग्रजीत भलतेच सांगू नये, म्हणोन यथास्थित लिहिली असे.

ते समयी अखिल न्यूझीलंड महाराष्ट्र महासंघाचे तख्त अल्बनीकर राजेश्री चंद्रहासराव यांजकडे होते. गृहस्थ कर्तबगार, पेशाने इंजिनीअर. परंतु माइक हाती आला म्हणजे भान राहत नसे. भाद्रपदी गणेशोत्सवात त्यांनी भाषणास आरंभ केला, आणि पडद्यामागे हिल्सबरोकर फार्मासिस्ट स्नेहलताबाई नऊवारी नेसून, नथ घालून उभ्या राहिल्या. एकांकिका बाईंनीच लिहिलेली, आख्खा हिवाळा गराजात हीटर लावून तालीम केलेली. भाषण संतांपासून निघाले ते सॉफ्टवेअरपावेतो आले, आणि मग हॉल रिकामा करण्याची वेळ झाली, आणि रखवालदाराने सॉरी म्हणोन दिवे मालविले. बाईंनी अंधारातच नथ काढिली. मनास फार लागले.

मग बाईंनी महासंघाच्या न्यायखात्यात फिर्याद गुदरली की, नाटक पुन्हा व्हावे, आणि अध्यक्षांनी पहिल्या रांगेत बसोन, न बोलता, संपूर्ण पाहावे. तो न्यायाधीशाचे पद रिकामे! ते भरण्याचा अखत्यार खुद्द चंद्रहासरावांचा, वर सभेची मंजुरी तेवढी लागे. रावांनी खलबत करून दंतवैद्य शिरीषपंत यांस नामजाद केले.

शिरीषपंत मोठे सज्जन, मुंगीसही दुखविणार नाहीत. परंतु रावांचे वाक्य पुरे होण्याआधीच यांची मान डोलावी. गणेशोत्सवानंतरच्या बार्बेक्यूत त्यांनी चारचौघांत बोलून दाखविले होते की, भाषण तसे छोटेच झाले. तेव्हा नामजादीची खबर फुटताच मुलूख पेटला. ईमेलांच्या फैरी झडल्या, वेलिंग्टनकरांनी हरकत धाडिली, आणि सँडरिंगहॅमी मिठाईच्या दुकानात जुने स्नेही एकमेकांस न पाहिल्यासारखे करून फरसाण घेऊ लागले.

मतांचा अदमास घेता बाईंचा पक्ष दुबळा. त्यांचे यजमान जगदीशराव गाडी चालविता चालविता म्हणाले, "अगं, जाऊ दे ना. शिरीष चांगला माणूस आहे."

"चांगलाच आहे रे," बाई म्हणाल्या, "पण त्याला नाही म्हणता येतं का कुणाला? चहाला तेवढं तीनदा नको म्हणतो, आणि मग दोन कप पितो."

ऐसे बोलल्या आणि मध्येच थांबल्या. दुसरे दिवशी बेसन भाजावयास घेतले.

बाईंनी ताडिले ते ऐसे. मानाचे पद देऊ केले असता पहिल्याने नको म्हणावे, मग सभेने आग्रह करावा, मग नाइलाज दाखवून स्वीकारावे, ही आपली पूर्वापार रीत. शिरीषपंत ती मोडणार नाहीत. आणि आग्रहाची कामगिरी रावांनी मोरेश्वररावांवर सोपविलेली, हे सर्वश्रुत होते. हा असामी खड्या आवाजाचा; त्याने एकदा "अहो, असं काय करता!" म्हटले की सारा हॉल मागोमाग ओरडत असे.

कार्तिक शुद्ध पक्षी, मंदवारी, म्हणजे शनिवारी, सभा व दिवाळीचा फराळ एकाच हॉलात भरला. सचिव अनुया, बाळपणापासून अल्बनीत वाढलेली, माइक व लॅपटॉप घेऊन बसली. तिने शिरीषपंतांचे नाव पुकारण्यास आरंभ केला, त्याच क्षणी स्नेहलताबाई ताट घेऊन मोरेश्वररावांवर चालून गेल्या. लाडू मुठीएवढे, तूप हात राखून घातलेले.

"घ्या हो भावजी, एकच."

"नको वहिनी, आत्ता नको—"

"असं कसं? माझी शपथ आहे."

शपथेपुढे इलाज चालेना. लाडू आख्खा आत गेला आणि टाळूस चिकटला.

इकडे शिरीषपंत उठले, हात जोडिले आणि म्हणाले, "छे छे, मी कसला न्यायाधीश? माझ्यापेक्षा मोठी माणसं बसलीयेत इथे. नको, नको."

सभा मोरेश्वररावांच्या तोंडाकडे पाहू लागली. त्या तोंडातून बेसनाची भुकटी उडाली, शब्द निघेना. त्याच्याआधी आग्रहास दुसरे कोणी पुढे होईना. खुद्द बाईंच्याच ओठी "अहो, असं काय करता" येऊन ठेपले; उभ्या जन्मात कोणास एका नकारावर सोडिले नव्हते. शिरीषपंतांचा चेहरा पडला. बाईंनी अर्धी चकली तोंडात कोंबिली आणि भिंतीकडे पाहिले.

"ओके, सो शिरीषकाका नको म्हणतायत," अनुया म्हणाली. "स्वीट ॲज, चालेल की. नेक्स्ट?"

चंद्रहासराव माइकासाठी धावले. "सॉरी काका, मिनिट्समध्ये गेलं," म्हणोन तिने माइक दिला नाही. तो दिवस रावांस मोठा कठीण गेला. पुढे सभेतून हॅमिल्टनकर परिचारिका नीलिमाबाईंचे नाव निघाले, रावांस ते मान्य करावे लागले, आणि त्या पहिल्याच शब्दास "हो, करीन की" म्हणाल्या. सभेस धक्का बसला, परंतु त्या धक्क्यातच मंजुरी जाहली.

नीलिमाबाईंनी दोन्ही बाजू ऐकोन इनसाफ केला. माघी गणेश जयंतीस एकांकिका झाली. चंद्रहासराव पहिल्या रांगेत मौन बसले, आणि शेवटी चष्मा काढून डोळे पुसताना दिसले.

खेळ संपताच बाई नथ न उतरविता शिरीषपंतांकडे गेल्या. ते दाराशी एकटे उभे होते.

"चहा आणू?"

"नको," पंत सवयीने म्हणाले, आणि एकदम घाबरून, "म्हणजे हो! हो, घेतो."

होकार मिळाला असताही बाईंनी "घ्याच हो, असं काय करता, माझी शपथ आहे" ऐसा, त्या दिवशी सभेत गिळलेला आग्रह आख्खा केला. पंतांनी तीन कप घेतले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. नोंद केली असे.