झिजलेल्यांची जयंती

आमच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीबाहेर दोन दगडी अर्धपुतळे आहेत. ऊनपावसात आधी त्यांची नाकं गेली, मग कान, आणि शेवटी नावंही. त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पण मूल्यांकनाचं पथक येणार असं कळलं आणि कुलसचिव शामकांतरावांना इतिहासाची निकड भासली. सखोल संशोधनासाठी समिती नेमली गेली. तिच्यात काम करणारी एकटी मधुवंती, इतिहासाची कंत्राटी प्राध्यापिका. कंत्राट संपत आलेलं, त्यामुळे कामाला अगदी योग्य.

समितीने रीतसर स्थळपाहणी केली. तिथे शेवगावकडच्या गोजरबाई झाडत होत्या.

"मावशी, हे कोण होते?" शामकांतरावांनी विचारलं.

"म्या काय सांगू सायेब? पर लई झिजल्यात बगा."

शामकांतराव गहिवरले. इतिवृत्तात नोंद झाली : 'दोन्ही महापुरुष संस्थेसाठी अतोनात झिजले.'

"सर, दगड झिजलाय," मधुवंती म्हणाली.

"दगड एवढा झिजला, तर माणसं किती झिजली असतील!"

इतकं झिजलेल्यांची जयंती नको? जन्मतारीख ठाऊक नव्हती, म्हणून ती सर्वानुमते ठरली. दोघेही दरवर्षी ऑगस्टातल्या दुसऱ्या सोमवारी जन्मतील. परिपत्रक निघालं, शनिवार-रविवारला सोमवार जोडला गेला आणि भंडारदऱ्याच्या खोल्या भरल्या.

अशात मधुवंतीने अहवाल दिला : 'ओळख पटत नाही. जयंतीला आधार नाही.'

"ओळख कशाला पटायला हवी? सुट्टी पटली ना?" शामकांतराव म्हणाले. "सही करा, कंत्राट वाढवतो."

तिने सही केली नाही. कर्मचाऱ्यांचे पुढारी रामहरी तर कळवळून म्हणाले, "म्याडम, खरं तुमी बोलनार आन सोमवारी कामावर आमी यायचं व्हय?"

जयंती कायम राहिली. मधुवंतीचं कंत्राट मात्र त्याच सोमवारी संपतंय.

मला याची खरोखर चीड आली. मी तिच्या बाजूने कडक निवेदन लिहिलंय. कुलगुरू हार घालायला सोमवारी सकाळी पुतळ्यांपाशी येतील, तेव्हाच ते हातात द्यायला हवं. माणसं मात्र भरपूर हवीत. वाचताना तुम्हीही संतापला असालच, तेव्हा तुमचं नाव मी पहिलं घातलंय.

येताय ना?

काय म्हणता, मंगळवारी?