ऑक्सिजन जपणारे टिपणीस

जुलै महिन्यात दुबईजवळच्या अजमानमध्ये माणूस बनियनसुद्धा नाइलाजाने घालतो. अशा दिवसांत, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना, आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात पिसांचं जाकीट, कानटोपी, दुहेरी बूट आणि पाठीवर बासमतीची वीस किलोची गोणी घेतलेला एक गृहस्थ रोज संध्याकाळी वर चढताना दिसतो. घाबरू नका, हे आमचे टिपणीस. एकोणिसाव्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टला 'आळशांचं हेलिकॉप्टर' म्हणतात. नव्या वॉचमनने पहिल्याच दिवशी त्यांना तांदूळचोर म्हणून धरलं होतं. "भाईसाब, चोर नीचे जाता है, ऊपर नहीं," असं सांगून टिपणीसांनी पुढच्या पायरीवर पाय ठेवला.

त्यांच्या लेखी आमची बिल्डिंग ही बिल्डिंगच नव्हे. तळमजला म्हणजे बेस कॅम्प, सातवा मजला कॅम्प वन, तेरावा कॅम्प टू आणि गच्ची म्हणजे समिट. मी सातव्या मजल्यावर राहतो, हे माझं नशीब. गेली चार वर्षं रोज साडेसातला आमची बेल वाजते. टिपणीस दारात गोणी टेकवतात, चहा घेतात, घड्याळ बघत स्वतःची नाडी मोजतात आणि "कॅम्प वनची व्यवस्था उत्तम" असा शेरा मारून पुढे निघतात. हा शेरा माझ्या बायकोसाठी, मनीषासाठी असतो. मला ते सामानात धरतात.

'ऑक्सिजन जपा' हा त्यांचा मंत्र. पार्किंगवरून दोघं हमरीतुमरीवर आले की टिपणीस मध्ये उभे राहून म्हणणार, "हबीबी, ऑक्सिजन जपा. वर लागतो." अजमान समुद्राला चिकटून आहे आणि इथे ऑक्सिजन फुकट मिळतो, हे त्यांना सांगायची कोणाची छाती नाही. आमच्या दहा वर्षांच्या इरानेही तो मंत्र उचललाय. दुधीवरून मी आवाज चढवला की ती शांतपणे म्हणते, "बाबा, सेव्ह युअर ऑक्सिजन."

टिपणीस दुबईत अल क्वोजमधल्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये मॅनेजर आहेत. आत उणे अठरा डिग्री. ही नोकरी त्यांनी पगारासाठी नव्हे, हवामानासाठी धरली असावी असा माझा जुना संशय आहे. एकदा नवी स्लीपिंग बॅग आणली, ती तपासायला हवी म्हणून जेवणाच्या सुट्टीत हे गोठलेल्या मटारच्या खोक्यांवर चेन डोक्यापर्यंत ओढून आडवे झाले. तेवढ्यात स्टोअरकीपर मुकादम आत आला. रत्नागिरीचा साधा माणूस. त्याने ते लांबट गाठोडं पाहिलं आणि गाठोड्यातून घोरणं ऐकलं. "साहेब, मटरमध्ये मय्यत कशी आली म्हणून मी इन्ना लिल्लाहची दुआ पढून मोकळा झालो! मग मय्यत बोलली, मुकादम, दरवाजा लावा, थंडी बाहेर जातेय." मुकादम ही हकीकत अजून छातीवर हात ठेवूनच सांगतो.

टिपणीसांना चढायचा होता एल्ब्रुस. रशियातला, बर्फ पांघरून झोपी गेलेला ज्वालामुखी. ("ज्वालामुखीवर बर्फ? देवाचं एकदा काय ते ठरू दे," इति मनीषा.) दोनदा जाऊन ते हात हलवत परत आले होते. काय झालं म्हणून विचारलं की एकच उत्तर, "हवामान." यंदा तिसरी खेप. गुडघे कुरकुरायला लागले होते.

"ही शेवटची, सावंत. मग खलास. आणि या वेळी तुम्ही बरोबर यायचं."

मी हसलो. पण त्याच आठवड्यात माझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला होता आणि मनीषाने तो चहाच्या कपाबरोबर टिपणीसांच्या हातात दिला. त्यांनी तो पत्रिकेसारखा वाचला आणि माझे ग्रह जिन्यात आहेत असं जाहीर केलं. पुढचे आठ महिने मी त्यांच्यामागे तूरडाळीची पिशवी घेऊन चढत होतो. आधी पाच किलो, मग दहा. रोज तांदूळ आणि डाळ वर जाताना बघून शेजाऱ्यांना वाटायचं, वर कुठे लग्न आहे.

तर अशा रीतीने मी, शारजातल्या एका ऑफिसात शिपिंगचे कागद रंगवणारा माणूस, एल्ब्रुसच्या बर्फात कंटेनरच्या खोलीत जाऊन पडलो. आम्ही दोघं आणि आमचा गाईड. गाईड पहाडासारखा, इंग्रजी शब्द दोनच: 'स्लो' आणि 'नो'. टिपणीसांनी अजमानहून 'एल्ब्रुस मिक्स' करून आणलं होतं. भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि त्यात बिया काढलेला खजूर. "दर अर्ध्या तासाला मूठभर. तोंड चाललं तर पाय चालतात."

आदल्या संध्याकाळी मनीषाचा फोन आला. "उद्या संकष्टी आहे, लक्षात आहे ना? एवढ्या उंच जाताय म्हणून मोडू नका." वीस वर्षं मी संकष्टी मोडलेली नाही. शिवाय ज्वालामुखीवर निघालेल्या माणसाने गणपतीशी वाकडं घेऊ नये, एवढी अक्कल मला आहे. पण उपासाला पोहे चालत नाहीत. खजूर चालतो, पण हा खजूर चिवड्यात लोळलेला. टिपणीसांना सांगावं तर तासभर व्याख्यान. पहाटे दोनला काळा चहा पिऊन निघालो. दर अर्ध्या तासाला टिपणीस मागे वळून "सावंत, मूठ!" म्हणायचे, मी मूठ तोंडाशी न्यायचो, ते पुढे वळले की जाकिटाच्या खिशात सोडायचो.

सकाळी दोन शिखरांच्या मधल्या खिंडीत पोचलो. आभाळ निळंशार, वारा नाही, माथा समोर. आणि माझे पाय गेले. मी बर्फात फतकल मारून बसलो आणि मला तिथेच झोपावंसं वाटायला लागलं. टिपणीस धावत आले. मला उठवताना त्यांचा हात खिशावर पडला. खिसा कुरकुरला. आतून अर्धा किलो चिवडा निघाला.

"हे काय?"

"संकष्टी," मी म्हणालो.

आता ऑक्सिजनची पर्वा न करता हे ओरडणार, म्हणून मी डोळे मिटले. पण ते माझ्यासमोर बसले, जाड हातमोजे काढले, आणि चिवड्यातून एकेक खजूर वेचायला लागले. पोहा दिसला की नखाने काढायचे, फुंकर मारायचे, मग माझ्या तोंडाशी धरायचे. "हा बघ, याला काही लागलेलं नाही. नीट बघ आणि खा." चार वर्षांत ते पहिल्यांदाच मला अरे-तुरे करत होते.

मागून एक तुकडी आली. त्यांच्या गाईडने आमच्या गाईडशी बोलून टिपणीसांना खुणेने सांगितलं की तुम्ही दमदार आहात, आमच्याबरोबर चला, दोन तासांत माथा. तुमचा गाईड मित्राला खाली नेईल. मी म्हणालो, "जा. तुम्हाला माझी शपथ." टिपणीसांनी एकदा माथ्याकडे पाहिलं, हातमोजे घातले आणि मला काखेत हात घालून उभं केलं.

दुपारी खोलीत उकडलेले बटाटे खाऊन माझ्यात जीव आला आणि मला रडूच फुटलं. "माझ्यामुळे तुमचं शिखर गेलं."

टिपणीस बुटांच्या नाड्या सोडत होते. "मी गेल्या वर्षी वर जाऊन आलोय, सावंत."

"पण हवामान?"

"हवामान झकास होतं. वर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मी गाईडशी हात मिळवला आणि खाली आलो. घरी फोन लावला. बायको पुण्यात पेपर तपासत होती, 'जेवलात का' म्हणाली. मुलगा मीटिंगमध्ये. त्यांची काही चूक नाही रे, मीच सांगितलं नाही. मग तुझ्या दारात आलो, तू विचारलंस काय झालं, आणि तोंडातून गेलं, हवामान. चढून झालं म्हटलं असतं तर संपलंच ना सगळं? मग गोणी कशाला चढवायची, आणि चहाला कुठे थांबायचं?" त्यांनी बूट काढून नीट जोडून ठेवले. "यंदा वर कोणाच्या तरी गळ्यात पडायचं होतं. तूच खाली बसलास, मग वर जाऊन करू काय?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

संध्याकाळी तिथल्या आचारीणबाईंनी टिपणीसांच्या सूचनेबरहुकूम डाळ-भात केला. माझं जेवण चंद्र उगवल्यावर. टिपणीस देवाधर्माच्या वाटेला न जाणारे, पण त्यांनीही ताट झाकून ठेवलं.

"तुम्ही जेवून घ्या की."

"अकरा वर्षं एकटाच जेवतोय. दोन तास थांबलो तर काही बिघडत नाही."

दहाच्या सुमाराला आम्ही बाहेर कुडकुडत उभे राहिलो. डोंगराच्या खांद्यामागून चंद्र वर आला. मी हात जोडले. शेजारी टिपणीसांनी कानटोपी काढली आणि कसे जोडायचे ते माझ्याकडे बघत बघत त्यांनीही हात जोडले. मग आत जाऊन आम्ही तो गार डाळ-भात जेवलो. टिपणीसांनी दोनदा भात मागून घेतला.