यशवंतमामा आणि ‘नाइस’

माझ्या यशवंतमामासमोर कुणी ‘नाइस’ म्हणालं, की तो हातातलं काम सोडतो. एकदा तो दाढी करत होता. शेजारच्या गॅलरीत कुणीतरी पडद्यांना नाइस म्हणालं. मामा गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आला.

“काय म्हणालात कळतं का? लॅटिनमध्ये याचं मूळ म्हणजे अडाणी. ज्याला काही ठाऊक नाही तो. फ्रेंचांकडून इंग्रजीत आला तेव्हा अर्थ झाला मूर्ख. आता पुढं ऐका…”

पुढचं ऐकायला सहसा कुणी थांबत नाही.

रावेतला नवा फ्लॅट दाखवणारी मुलगी म्हणाली, “नाइस व्ह्यू आहे ना, सर?” मामा गंभीरपणे म्हणाला, “अडाणी व्ह्यू कसा असतो बघू दे.” आणि खरंच खिडकीतून वाकून बघून आला.

मी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढले, त्यामुळे मला मामाचा अभिमानच आहे. आजोबा फाउंड्रीत भट्टीपुढे उभे राहिले आणि मामा आमच्या वस्तीतला पहिला इंग्रजीचा एम. ए. झाला. तो म्हणतो, “माणसाचं कुळ विचारू नये. शब्दाचं जरूर विचारावं.” याहून नेमकी घोषणा मला अजून सुचलेली नाही.

ताईच्या लग्नाची बोलणी निघाली तेव्हा मात्र घरात धास्ती होती. ताईला वैभव आवडला होता, वैभवला ताई. तो चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर. आता फक्त मोठ्यांची भेट राहिली होती. ताईनं मामाला बजावलं, “तो शब्द आला तर खिडकीबाहेर बघ.”

“बघेन,” मामा म्हणाला.

वैभव आणि त्याची आई निगडीला आमच्या घरी आले. जयभीम झाला, पाणी झालं. वैभवच्या आईंनी ताईनं केलेल्या थालीपिठाचा घास घेतला आणि तिच्याकडे बघून हसल्या. “नाइस झालंय.”

मामानं खिडकीबाहेर बघितलं. मान ताठ झाली, कान लाल झाले. मग तो वैभवच्या आईंकडे वळलाच. “ताई, त्या शब्दाचा अर्थ अडाणी.”

आईंनी ताटली खाली ठेवली.

“आडाणीच हाय की मी. कंपनीच्या कँटीनमधी पोळ्या लाटून ह्याला शिकवलं. शाळंचं तोंड बघितलं न्हाई. ह्यो एक शब्द ह्यानं शिकवला. म्हनला, आई, चारचौघांत चालतो.”

वैभव उठला. “आई, निघूया आपण.”

ताई माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट धरलं.

मामाही उठला. “बसा. माझं अर्धंच सांगून झालंय.”

“मामा, पुरे,” ताई म्हणाली.

“बोलू दे की त्यांला,” आई म्हणाल्या. “सांगा, भाऊ.”

असं मामाला कधी कुणी म्हटलं नसावं. तो सावकाश बोलला. “अडाणी म्हणून हिणवलेला शब्द हा. मग त्याचा अर्थ झाला बुजरा. मग चोखंदळ. मग काटेकोर. आणि शेवटी चांगला. कुणी राजानं हुकूम काढून त्याला वर नेलं नाही. लोकांच्या तोंडी राबत राबत तो वर आला. इतकी मोठी चढण चढलेला शब्द मला दुसरा ठाऊक नाही, ताई. कुणी तो उगाच फेकला की मला राग येतो. तुमच्या तोंडी तो शोभतो.”

मी पुष्कळ सभा ऐकल्यात. त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये मला टाळी वाजवावीशी वाटली.

आईंनी ताटली परत उचलली. “मग थालीपीठ नाइसच झालंय.”

वैभव बसला. ताईनं माझं मनगट सोडलं. लग्न ठरलं.

निघताना दारात आई थांबल्या. “भाऊ, मला शिकवाल का? पोराला टाइम नसतो. येत्या रविवारी आले तर चालंल?”

रहाटणीत मामाचा इंग्रजीचा क्लास आहे. पोरं मोबाइलवर शिकायला लागली तसा तो ओस पडला. तरी मामा रोज सकाळी शटर उघडतो, फळा पुसतो आणि दुपारपर्यंत बसून राहतो. हे फक्त आम्हा घरच्यांना माहीत आहे.

एरवी कुठल्याही शब्दावर तासभर बोलणाऱ्या मामानं उगाच चष्मा काढला, पुन्हा घातला. 

“रविवार लांब आहे, ताई,” तो म्हणाला. “उद्याच या.”