हिंगाच्या डब्यास अग्रस्थान मिळाले त्याची हकीकत

॥ श्रीनाद प्रसन्न ॥

तारेस वंदन, तारेवरील बोटास वंदन, आणि बोटामागील हट्टास त्रिवार वंदन करोन लिहिणे ऐसे जे, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक वद्य दशमी, इंदुवार, ते दिवशी एका राज्यात मोठा पेच उपस्थित जाहला. राज्याचे नाव सांगावयाचे प्रयोजन नाही. विस्तार म्हणाल तर लांबी दोन हात, रुंदी हातभर, ऐशी एक फळी, आणि तिजवर वेलक्रोची खरखरीत बिछायत, आणि बिछायतीवर सहा सरदार आपापल्या आसनी चिकटून बसलेले. सरदार म्हणजे पायाने दाबावयाच्या पेट्या, ज्यांस पेडल म्हणतात. गिटारीचा नाद वायरीने पहिल्यापाशी जावा, त्याने आपला संस्कार करोन दुसऱ्यास द्यावा, दुसऱ्याने तिसऱ्यास, आणि शेवटल्याने स्पीकरापाशी पोचता करावा, ऐसा रिवाज. प्रथम मानकरी ट्यूनर, सूर लागला की हिरवा दिवा दाखविणार. मग फझ, नादास गुरगुर आणणार. मग ओव्हरड्राइव्ह आणि कोरस. मग डिले, जो ऐकिले तेच पुनःपुन्हा बोलतो, ऐसे इसम दरएक घरी एक असतातच. आणि शेवटी रिव्हर्ब, ज्याचे योगे ओसरीत वाजविले तरी देवळात वाजविल्याचा भास व्हावा. या राज्याची धनीण कालिंदीबाई, वय तीस, हात तयार, स्वभाव हट्टी.

पेच फझाचा होता. हा सरदार दुकानातला नव्हे. कालिंदीबाईंचे गुरू अंतोनमास्तर, तीस वर्षे ऑर्केस्ट्रात गिटार वाजविते जाहले, त्यांनी स्वहस्ते हिंगाच्या रिकाम्या डब्यात तो जुळविला होता. मास्तर मागील सालात देवाघरी गेले. मग त्यांच्या पत्नी सेसिलबाई यांनी दसऱ्यास डबा कालिंदीबाईंचे हाती दिला आणि अट घातली ती ऐशी, "त्यांच्या आठवणीच्या कार्यक्रमात त्यांची धून वाजव. डबा वाजला तर तुझा. नाही वाजला तर परत आण, मी फोटोशेजारी ठेवीन. पण त्याच्या नावावर दुसरं काही वाजवू नको गो." त्या धुनेच्या अखेरीस एक लांब सूर आहे. मास्तर तो धरीत तेव्हा डबा असा घुमे की मांडवाच्या मागील खुर्चीवरचा पेंगणारा माणूसही मान वर करी, हे आम्ही स्वतः पेंगलो होतो म्हणोन जाणतो. तोच डबा कालिंदीबाईंचे पायाखाली येताच पत्र्यावर खिळा ओढिल्यागत किंचाळू लागला. कार्यक्रम मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस, अवघे अकरा दिवस राहिले.

राज्याचे दिवाण हेरंबपंत, बेस गिटार वाजविणार, माणूस कामाचा परंतु घाईचा. ते बोलिले, "कालिंदी, डबा मेलाय. हे माझं नवं पेडल बघ, याच्या पोटात साठ आवाज आहेत. त्यातला एक लाव. लोकांना काय कळणार आहे?"

"लोकांना नाही कळणार. सेसिलआंटींना कळेल."

"मग चतुर्थीच्या तालमीपर्यंत बघ. तोवर नाही वाजला तर माझं पेडल. मला पंचमीला हसं करून घ्यायचं नाही."

"चतुर्थीपर्यंत," बाई बोलिल्या, आणि गोष्ट ठरली.

मग बाईंनी मोहीम आरंभिली, ती ऐशी जिद्दीने की पाहणाराच थकावा. प्रथम डब्यात नवी बॅटरी घातली, किंचाळणे तैसेच. मग वायरी बदलिल्या, तैसेच. मग डब्यामागील चारही सरदार एकेक करोन तख्तावरून उठविले आणि दरवेळी धून वाजवोन पाहिली, काही उपयोग नाही. मग डबाच उचलोन सर्वांचे शेवटी, रिव्हर्बाचेही मागे बसविला, तो रिव्हर्बाचे देऊळ कळसासकट कोसळले आणि नादाचा नुसता राडा जाहला. मग पुन्हा पूर्वस्थळी आणिला. एकेक उचलावा, एकेक चिकटवावा, वेलक्रोचा चर्रचर्र आवाज दिवसभर चालू, तेणेकरोन शेजारीण दारात येऊन पुसती जाहली, "अहो कालिंदीताई, रोज दुपारी काय फाडता तुम्ही?" बाई बोलिल्या, "माझीच अक्कल." आणि दार लावोन पुन्हा बैसल्या. एक खूण त्यांस ठाऊक होती. गिटारीवरील आवाजाची खुंटी मास्तर किंचित उतरवीत, त्यासरशी डबा मांजरासारखा नरम होई. आता खुंटी कितीही पिळा, डबा आपला तारस्वरात भांडतोच आहे. म्हणजे हातचे सांगणे त्यास ऐकूच जात नाही, इतके बाईंनी ताडिले, परंतु मध्ये कोण उभा आहे हे ध्यानी येईना. कारण जो मध्ये होता त्याजवर संशय घ्यावयाचे कोणाच्या मनातही येत नाही.

चतुर्थी उजाडली. तालीम सायंकाळी. डबा परत द्यावयास नव्हे, विचारावयास म्हणोन बाई सकाळीच सेसिलबाईंचे घरी गेल्या. सेसिलबाई लसूण सोलीत होत्या.

"आंटी, मास्तरांच्या डब्याआधी काय असायचं?"

"आधी? काही नाही."

"ट्यूनर तरी असेल."

"कसला ट्यूनर? दोन बोटांचा तो लोखंडी चिमटा असतो ना, तो गुडघ्यावर मारायचे नि दातात धरायचे. त्यावरनं सूर लावायचे. त्यांची पिशवी तीस वर्षं मी भरली गो. वायरी दोनच. एक गिटारीतून डब्यात, एक डब्यातून स्पीकरात. तिसरी कधी घातल्याची मला आठवत नाही."

कालिंदीबाई तेथेच लसणाच्या सालींत बैसल्या. घोर चूक त्यांची त्यांस दिसली. ज्याने सूर दाखवायचा तो सर्वांआधी, हा मान बाईंनी आपणच ट्यूनरास दिला होता, आणि मोहिमेत पाचांची आसने हलविली परंतु त्यास बोटही लाविले नाही. वास्तविक ट्यूनर दुष्ट नव्हे. आपणातून जाणारा नाद तो बळकट करोन पुढे देतो, इतरांस ते मानवते. परंतु हा डबा जुन्या घडणीचा, त्यास गिटारीची तार थेट हाती लागते, बळकट केलेला निरोप त्यास सोसत नाही. मान पाहोन आसन दिले, स्वभाव पाहिला नाही. बाईंस आपला भयंकर राग आला, आणि रागातच हसू आले.

सायंकाळी ट्यूनरास दुसरे आसन दिले, डब्यास पहिले, आणि खुंटी उतरविली, आणि चढविली. डबा प्रथम पुटपुटला आणि मग घुमला. हेरंबपंतांनी आपले साठ आवाज पिशवीत भरिले. ट्यूनर दुसऱ्या आसनावरूनही तोच हिरवा दिवा दाखवीत राहिला, त्याचे काही अडले नाही.

पंचमीस सभागृह भरले. सेसिलबाई पहिल्या रांगेत, मांडीवर रिकामी पिशवी, डबा परत न्यावा लागला तर असावी म्हणोन आणिलेली. धून चालली, आणि अखेरीस कालिंदीबाईंनी तो लांब सूर धरिला, आणि डबा घुमला, आणि बाईंनी खुंटी उतरविताच नरम जाहला, मास्तरांचे वेळी होई तैसाच. सेसिलबाईंनी टाळी वाजविली नाही. डोळे मिटोन बैसल्या होत्या.

लोक उठल्यावर त्या पिशवी घेऊन रंगमंचावर आल्या. हेरंबपंतांस वाटले, आता डबा नेतात. सेसिलबाई वाकल्या, गिटारीतून डब्यात गेलेली वायर त्यांनी उपटिली, कोपर आणि पंजा यांभोवती सराईतपणे गुंडाळिली आणि कालिंदीबाईंचे हाती ठेविली.

"वाजवून झालं की ही काढून ठेवायची. लावलेली राहिली तर आतली बॅटरी जाते. ते नेहमी विसरायचे, मी काढायचे. आता तू काढ."

आणि पिशवीची घडी घालोन काखेत मारिली आणि घरी गेल्या.

येणेप्रमाणे डब्यास अग्रस्थान मिळाले, दिवाण शरमिंदे जाहले, धनीण शहाणी जाहली, आणि त्या दिवसापासून राज्यात कितीही घाई असो, वायर कालिंदीबाई स्वहस्ते काढितात. सारांश, इतकेच. लेखनसीमा.